माडावरचा माणूस



ह्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषयांची चर्चा झालेली आहे. त्या मालिकेत आजचा विषय काहीसा ओबडधोबड वाटेल. माडावर चढणे, त्याचा शेंडा साफ करणे, नारळ उतरवणे आणि ह्या कामावर पोट असणाऱ्यांचा छोटा व्यवसाय, ह्यांविषयी आम्हांला बोलायचे आहे. आम्ही पाच जण मिळून हाच धंदा करतो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. मात्र दिवस उन्हाळ्याचे आहेत, पावसाला अजून थोडा अवकाश आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात किंवा सोसायटीच्या आवारात दोन-चार माड उभे आहेत. त्यामुळे विषय अगदीच अवेळी निवडला असेही म्हणता येणार नाही.

आम्हांला बोलावणे येते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माडामागे किती घेता?" दुसरा प्रश्नही जवळजवळ ठरलेला असतो : "झावळ्या किती काढून द्याल?" ह्या दोन प्रश्नांमध्ये ह्या धंद्याचे सगळे दुखणे सामावलेले आहे. गिऱ्हाइकाला वाटते, आपण तोडणे विकत घेत आहोत. जितके जास्त खाली पडेल तितके पैसे वसूल. वस्तुतः माडावर चढलेल्या माणसाचे अर्धे कौशल्य काय तोडायचे नाही हे ओळखण्यात असते, आणि त्याचे पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

हे पटण्यासाठी माड म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. आंबा, वड, चिंच ह्यांच्या पंक्तीत माडाला बसवता येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो गवत आणि बांबू ह्यांच्या बाजूचा. ह्या गोष्टीने गोव्यात एकदा मोठे राजकारण केले. तिथल्या विधानसभेने २०१६ च्या जानेवारीत वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून नारळाला 'झाड' ह्या व्याख्येतून वगळले. त्यावर फार गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये आलेल्या सरकारने त्याला पुन्हा झाडांत आणून बसवले. माडाने ह्या दोन्ही ठरावांची दखल घेतली नाही हे सांगायला नको. पण शास्त्राचा तो मुद्दा आमच्या कामात पदोपदी आडवा येतो. आंब्याची फांदी तोडली तर जखमेच्या कडेने नवी साल येते आणि काही वर्षांत जखम झाकून जाते. माडाच्या खोडाला अशी साल नाही आणि जखम भरून काढणारा थरही नाही. खोडावर आज घातलेला घाव माड पडेपर्यंत तसाच राहतो. चढायला सोपे जावे म्हणून खोडात खाचा पाडण्याची रीत अजून काही ठिकाणी दिसते. त्या खाचांत पावसाचे पाणी मुरते, खोड कुजते आणि किडीला आयती वाट मिळते. लोखंडी काट्यांचे बूट घालून चढणारेही हेच करतात, फक्त जरा ऐटीत.

दुसरी गोष्ट शेंड्याची. आंब्याला शेकडो डोळे असतात. एक मेला तर दुसरा फुटतो. माडाला वाढीचा कोंब एकच. सगळ्या झावळ्यांच्या मधोमध, भाल्यासारख्या उभ्या न उमललेल्या पानाच्या तळाशी तो असतो. तो गेला की माड गेला. मग खोड कितीही उंच नि दणकट दिसो. म्हणून शेंड्यात कोयता चालवताना हात कुठे थांबवायचा हे अंगात मुरलेले असावे लागते.

आता झावळ्यांचा हिशेब पाहा. चांगल्या पोसलेल्या, वयात आलेल्या माडाच्या डोक्यावर ३० ते ४० झावळ्या असतात. साधारण महिन्याला एक नवी येते, आणि तिच्या बेचक्यात एक पोय येते. म्हणजे दर झावळीमागे एक घोस, असे निसर्गाचे धोरण आहे. फूल फळून नारळ पक्का व्हायला सुमारे वर्ष लागते, आणि त्या काळात जड झालेला घोस खालच्या झावळीच्या देठावर टेकलेला असतो. ती झावळी पिवळट झाली, खाली झुकली, म्हणून मालकाला ती निरुपयोगी वाटते. प्रत्यक्षात ती घोसाला आधार देत असते आणि आपल्यातले पोषण वरच्या कोवळ्या पानांकडे पाठवीत असते. पूर्ण वाळून तपकिरी झालेली झावळी काढावी, हलकेच ओढली तरी सुटते ती काढावी, वाळक्या पोया आणि जुन्या जाळ्या काढाव्यात. हिरवी झावळी काढण्याला काही कारण असावे लागते : ती विजेच्या तारेवर आली असेल, छपराची कौले उडवीत असेल किंवा रोगट असेल. "नीटनेटके दिसावे" हे कारण होत नाही.

एका बंगल्याच्या मालकांनी आम्हांला सात माड दाखवले आणि वर चार-पाच झावळ्यांचा तुरा ठेवून बाकी सगळे साफ करा म्हणाले. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. त्यांनी दुसरी माणसे आणली आणि काम आमच्यापेक्षा स्वस्तात झाले. पुढे त्या माडांचे घोस आधाराविना लोंबू लागले, काहींचे देठ पिचले, आणि हिरव्या देठांच्या ताज्या कापांवर सोंड्या भुंगा आला. हा भुंगा ताज्या जखमेच्या वासाने येतो, तिथे अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या आतून माड पोखरतात. बाहेरून काही दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सातांपैकी दोन माड गेले. स्वस्तातले काम इतके महाग पडल्याचे दुःख मालकांना झाले की नाही, हे विचारायला आम्ही गेलो नाही.

सोंड्याचा वाटाड्या म्हणजे गेंड्या भुंगा. तो शेणखताच्या ढिगात, कुजक्या ओंडक्यांत वाढतो आणि रात्री उडून माडाच्या कोंबात शिरतो. त्याने खाल्लेले पान उमलले की कात्रीने कातरल्यासारखे, पंख्याच्या आकाराचे दिसते. आपण खाली उभे राहून वर पाहिले तरी ही खूण ओळखता येईल. वर चढलेला माणूस तारेच्या आकड्याने तो भुंगा भोकातून ओढून काढतो, आणि शेंड्याजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या ठेवून त्यांवर वाळू टाकतो. साधारण दीड महिन्याने हे पुन्हा करावे लागते. पावसाळ्यात कोंब कुजण्याचा रोग येतो; तोही शेंड्यात डोकावणाऱ्यालाच आधी कळतो. म्हणजे नारळ पाडायला चढलेला माणूस हा त्या माडाचा एकुलता एक वैद्यही असतो. इतक्या उंचीवर दुसरे कोणी जात नाही.

आमच्यातले सर्वांत वडील गृहस्थ माडाला हात लावण्यापूर्वी कोयत्याच्या पाठीने खोडावर दोन-तीन ठिकाणी ठोकतात आणि कान देतात. भरीव आवाज आला तर चढतात. पोकळ आवाज आला, बुंध्यातून तांबूस चिकटा गळताना दिसला किंवा मधले भालेदार पान कोमेजलेले दिसले, तर मालकाला बोलावून दाखवतात आणि "ह्यावर आज नाही" म्हणतात. ते शाळेत फारसे गेलेले नाहीत. पण चाळीस वर्षे माडावर चढून दोन्ही पाय शाबूत असलेला माणूस आम्ही दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याचे श्रेय आम्ही ह्या ठोकण्याला देतो.

ही विद्या कुठून आली? आपल्या किनाऱ्यावर ती मुख्यतः माडी काढणाऱ्यांनी सांभाळली. कोकणात भंडारी समाजातील अनेक घराणी, गोव्यात रेंदेर. माडी काढणारा एकाच माडावर दिवसातून दोन-तीनदा चढतो, पोयीचे टोक तासतो, भांडे उतरवतो. एवढ्या सरावाने जे अंगवळणी पडते ते एरवी पडणे कठीण. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात माडी काढण्यावरचा कर इतका वाढला की अनेकांना तो धंदा सोडावा लागला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. इतकेच सांगतो की चढणाऱ्यांच्या पिढ्या ह्या धंद्यातून बाहेर पडल्या आणि मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत गेल्या. खुद्द मुंबईत फणसवाडी, केळेवाडी अशी नावे उरली, झाडे गेली. उरलेले पाडेली म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी शिकून नोकऱ्या धरल्या, आणि त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. माडावर चढणाऱ्याला मुलगी देताना बापाचा हात अडखळतो, हे आम्ही घरोघरी पाहिले आहे.

केरळात हीच टंचाई आधी आणि अधिक तीव्रतेने जाणवली. तिथल्या माणसांनी दोन वाटा काढल्या. पहिली यंत्राची. कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ ह्या शेतकऱ्याने एक साधे साधन तयार केले. दोन लोखंडी पायठे, प्रत्येकाला खोडाभोवती वेढा घालणारा तारेचा दोर. एक पाय उचलला की तो वेढा सैल होतो, पाय दाबला की घट्ट होतो. जिना चढावा तसे माणूस वर जातो. खोडाला जखम होत नाही आणि छातीची साले निघत नाहीत. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने बसून चढायचे यंत्रही काढले. दुसरी वाट शिक्षणाची. कोचीला ज्याचे मुख्य कार्यालय आहे त्या नारळ विकास मंडळाने २०११ साली 'नारळ वृक्षाचे मित्र' अशा अर्थाच्या नावाने प्रशिक्षणाची योजना सुरू केली. तरुणांना सहा दिवस यंत्रावर चढणे, शेंडा साफ करणे, रोग-कीड ओळखणे, थोडा हिशेब ठेवणे असे शिकवायचे आणि यंत्र देऊन धंद्याला लावायचे, अशी तिची रचना होती. त्यात स्त्रियाही आल्या आणि सर्रास चढू लागल्या. चढणाऱ्यांसाठी मंडळाची अपघात विम्याची योजनाही आहे. तिच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळ सोसते. आपल्या शहरातील किती मालक चढणाऱ्याला "तुमचा विमा आहे का?" असे विचारतात? आमच्या अनुभवात, इतक्या वर्षांत, दोघांनी विचारले. त्यांतले एक स्वतः विमा एजंट होते.

यंत्राची स्तुती करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जुना पाडेली पायांत दोरीचे कडे अडकवून मिनिट-दीड मिनिटात वर जातो आणि दुसऱ्या माडाकडे नुसता चालत जातो. यंत्रवाल्याला आठ-दहा किलोंचे ओझे दर माडाला सोडून बांधावे लागते. खोड मध्येच बारीक झाले तर वेढा जुळवावा लागतो. यंत्र शेंड्याच्या खाली थांबते. पुढचे काम कमरेचा पट्टा खोडाला बांधून करायचे असते, आणि नवशिक्यांचे अपघात होतात ते बहुधा इथेच. पट्टा बांधायचा कंटाळा येतो. पोफळीच्या बागेत तर यंत्राचा उपयोग बेताचाच. पोफळीचे खोड बारीक, झाडे जवळजवळ. श्रीवर्धनकडचा कसबी माणूस एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसरा शेंडा पकडतो आणि जमिनीवर न उतरता ओळ संपवतो. ते पाहताना श्वास रोखला जातो. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले आणि बागाच्या बागा आडव्या झाल्या. नंतरच्या महिन्यांत तिथे चढणाऱ्यांना जी मागणी आली ती नारळ-सुपारीसाठी नव्हती. अर्धवट मोडून लटकलेले शेंडे उतरवणे आणि पडलेले ओंडके हलवणे, हे काम होते. कारण कुजलेले ओंडके म्हणजे गेंड्या भुंग्याची वसाहत.

आता पैशाकडे येऊ. समजुतीसाठी काही आकडे धरतो. ते दरपत्रक समजू नये. खेड्यातल्या वाडीत माडामागे १०० रुपये मिळाले आणि दोघांनी मिळून दिवसाला २५ माड केले, तर २,५०० रुपये झाले. ऐकायला बरे वाटते. पण पावसाचे चार महिने खोड निसरडे असते, तेव्हा चढायचे नसते. पुढे वाऱ्याचे दिवस, सणवार, दुखणी-खुपणी. वर्षाला १५० दिवस काम मिळाले तर नशीब. म्हणजे ३,७५,००० रुपये दोघांत; एकाला महिना सुमारे १५,६०० रुपये. त्यातून पेट्रोल, दोर, पट्टा, यंत्राची दुरुस्ती, विमा. आणि पन्नाशीच्या आसपास गुडघे 'आता पुरे' म्हणतात, त्यानंतरच्या वर्षांची तरतूदही ह्यातूनच. शहरात माड विखुरलेले. एक इथे, दोन मैलभर पलीकडे. दिवसाकाठी सहा-सात झाले तरी पुष्कळ. खेड्यातला दर शहराला लावून "तिकडे तर शंभर घेतात" असे म्हणणाऱ्यांना आम्ही हा हिशेब कागदावर मांडून देतो. काही जण पटवून घेतात. काही जण चहा देतात आणि दुसऱ्याला फोन करतात.

शहरातले काम महाग असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते दिसत नाही. वाडीत नारळ खाली टाकला तर मातीत पडतो. शहरात खाली गाडी, पत्र्याचे छप्पर, खेळणारी मुले. ६५ फुटांवरून सुटलेला नारळ दोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून घोस दोराला बांधून उतरवावा लागतो, आणि खाली एक माणूस केवळ वाट अडवून उभा करावा लागतो. "हा नुसता उभा आहे, ह्याचे कसले पैसे?" असा प्रश्न हमखास येतो. मुंबईत चेंबूरला २०१७ च्या जुलैत अख्खा माड रस्त्यावरून जाणाऱ्या एका महिलेवर कोसळला आणि त्यात तिचा अंत झाला. ते दृश्य कॅमेऱ्यात आले म्हणून देशभर कळले. माड असा न सांगता पडतो असे लोक म्हणतात. आम्हांला ते पुरते मान्य नाही. पुष्कळदा तो आधी काही सांगत असतो, बुंध्याशी किंवा शेंड्यात. ऐकणारा त्या आवारात फिरकलेला नसतो.

चढणाऱ्याच्या जिवाचे धोके आपण जाणता. तरी दोन सांगतो, कारण ते मालकाच्या हातचे आहेत. एक म्हणजे विजेची तार. ओली झावळी तारेवर पडली किंवा नारळ काढायची लांब ॲल्युमिनियमची काठी तारेला टेकली, की खेळ खलास. माडाशेजारून तार जात असेल तर काम सुरू होण्याआधी वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. दुसरा धोका घाईचा. "तेवढा एक राहिलाय, तो उरकूनच जा," हे वाक्य संध्याकाळी उच्चारले जाते, जेव्हा चढणाऱ्याच्या पोटऱ्या थरथरत असतात. उंचावरून पडलेला माणूस वाचला तरी बहुधा पाठीचा कणा घेऊन बसतो, आणि त्याचे घर त्याच्याबरोबर बसते.

परदेशातही ह्या धंद्याला हेच भोग आहेत. कॅलिफोर्नियात रस्तोरस्ती उंच पंखापाम लावलेले असतात. त्यांची वाळकी पाने गळत नाहीत, खोडाभोवती घागऱ्यासारखी साठत जातात. ती काढायला कामगार खालून वर चढत गेला तर तो सगळा घागरा एकदम घसरून त्याच्यावर बसतो; अशा रीतीने पट्ट्यात अडकून, गुदमरून माणसे मेली आहेत. तिथेच खजुराच्या एका शोभिवंत जातीला करवतीच्या पात्यावरून रोग लागतो. एका झाडावरची करवत न धुता दुसऱ्याला लावली, की ते दुसरेही जाते. आम्ही हे वाचल्यापासून रोगट माडावर वापरलेला कोयता पुसून, धुऊन, जंतुनाशक लावल्याशिवाय पुढच्या माडाला लावत नाही. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि मालकांना ती पाच मिनिटे आळशीपणाची वाटतात.

आपल्या शहरात नव्या इमारतींपुढे ज्याला 'बॉटलपाम' म्हणतात ते झाड लावण्याची हौस आहे. त्याचे पान देठाच्या वेष्टनासह आपोआप गळते. त्याला छाटणी जवळपास लागतच नाही; फक्त ते जड पान कुणाच्या डोक्यावर पडणार नाही एवढे पाहावे. त्याच्या छाटणीसाठी आम्हांला बोलावले तर आम्ही पैसे घेत नाही, नुसते परत येतो. आमच्यातल्या तरुणांना हे पसंत नाही, हे सांगून टाकतो.

राहिला कायदा. महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. छाटणीपूर्वीही आपल्या नगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्यावे. अर्ज आता करावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, आकाश भरून आल्यावर, सगळे शहर एकाच दिवशी आम्हांला फोन करते, आणि आम्ही पाचच आहोत. ओल्या खोडावर आम्ही चढत नाही. कुणाला चढवूही नये.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवली आहेत. दर विचारणाऱ्यांनी माडाची उंची आणि खाली काय आहे, एवढे आधी सांगावे.